बांगड्याचा काटा आणि कुर्लीची पाठ

सिंधुदुर्गातलं खाडीकाठचं एक गाव. जिल्हा परिषदेची शाळा, पहिलीचा वर्ग, पटावर १९ मुलं. शिकवणारी मीच. मुलांना कण्याच्या प्राण्यांची ओळख करून द्यायची असं मी ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने सगळं बिघडवून ठेवलं. ते कसं बिघडलं आणि पुढचे पाच-सहा महिने सावरताना काय काय कळलं, ते सविस्तर लिहिते आहे, कारण या वयाच्या मुलांना शिकवणाऱ्या कुणाच्याही हातून तीच चूक सहज होईल.

पहिलीला हा विषय स्वतंत्रपणे नसतो. परिसर अभ्यासाचं पुस्तक तिसरीपासून हाती येतं, आणि ‘पृष्ठवंशीय’ हा शब्द त्याच्याही पुढचा. पण आमची मुलं प्राण्यांतच वाढतात. घरात मांजर, परड्यात कोंबड्या, गोठ्यात बैल, पावसात बेडूक आणि ताटात मासा. दिवसभर त्यांच्या तोंडी हेच विषय. तेव्हा या बोलण्याला थोडं वळण द्यावं, एवढाच माझा हेतू होता.

ऑगस्टचा पहिला आठवडा

भिंतीवर तक्ता लावला: मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी, सस्तन. पाच रकाने, पाच रंग. मग मला सोपं वाटलेलं वाक्य मी मुलांना सांगितलं. “आपापल्या पाठीवर मधोमध हात फिरवा. कडक लागतं ना? तो कणा. ज्यांची पाठ अशी आतून कडक, ते कण्याचे प्राणी.” त्यातला ‘आतून’ हा शब्द मी किती हळू उच्चारला असेन कोण जाणे, एकाही मुलापर्यंत तो पोचला नाही.

दोन रोवळ्या (टोपल्या) मांडल्या आणि चित्रं वाटली. कण्याच्या रोवळीत पडली कुर्ली (खेकडा), गोगलगाय, कोळंबी, भुंगा. बिनकण्याच्या रोवळीत गेले साप, बेडूक आणि पाल. मी कुर्लीचं चित्र उचलून दुसऱ्या रोवळीत टाकलं, तसा एक मुलगा उठून उभा राहिला. त्याचे वडील खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकतात.

“बाई, कुर्लेची पाठ दगडासारखी घट आसा. तुमी हात लावन बघलास?”

दुसरीने सापाचं चित्र नाचवलं. “सापाक हाडां खयची? तो तर कसोय वाकता.”

दोघंही बरोबर होती. मी दिलेल्या नियमाने कुर्लीचाच पहिला नंबर लागायला हवा होता आणि सापाचा शेवटचा. मुलांनी नियम नीट वापरला होता, माझा नियमच खोटा होता. तरीही मी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा सांगत राहिले, जरा मोठ्या आवाजात. तिसऱ्या दिवशी झुरळाचं चित्र दाखवलं. मुलं चित्राकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागली, बाईंच्या भुवया कुठल्या रोवळीकडे वळतात ते पाहायला. सहा वर्षांचं मूल प्राण्याकडे न बघता शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देऊ लागलं, की तो पाठ तिथेच थांबवावा. मी तक्ता काढून गुंडाळला. तो वर्षभर कपाटावरच राहिला.

एका वस्तूचे चार शब्द

दोन-तीन रात्री मी यावर विचार केला. कडकपणा बाहेरचा की आतला, हा गोंधळ तर उघडच होता. पण त्याखाली आणखी एक अडचण होती आणि ती आपल्या भाषेतली होती. बांगड्यात असतो तो काटा. कोंबडीत असतं ते हाड. मणका असतो आजीला, आणि तो फक्त दुखण्यासाठी असतो. “मणक्यात गॅप इलो” हे वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक पोराला पाठ आहे. आणि कणा? तो मुलींना ठाऊक होता तुळशीपुढे काढायच्या रांगोळीतला. एकाच वस्तूला चार घरांतले चार शब्द, आणि ते एकमेकांचे कोण लागतात हे मुलांना कधी कुणी सांगितलेलंच नाही. काटा हे हाडच आहे, हे वाक्य मोठ्यांना उगाच सांगितल्यासारखं वाटतं. माझ्या वर्गात ती बातमी ठरली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा विकतच्या महागड्या साधनांच्या जागी त्यांनी मुलांच्या हाताशी असलेले दगड, बिया, पानं, शिंपले आणले. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. हे सगळं मी शिक्षणशास्त्राच्या परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. वर्गात मात्र पाच रंगांचा छापील तक्ता घेऊन उभी राहिले, आणि मुलांच्या हाताशी काय आहे ते बघायचंच विसरले.

श्रावणात काय करता येईल

माशाचा काटा हेच खरं साधन, हे लक्षात आलं तेव्हा श्रावण चालू होता. निम्म्या घरांत मासे बंद. गणपती होऊन जाईपर्यंत थांबणं भाग होतं. ते थांबणं फायद्याचंच ठरलं, कारण त्या दिवसांत आम्ही फक्त हात लावण्यावर राहिलो.

शाळेच्या पडवीत एक बोका येतो. पोषण आहाराच्या वेळी हमखास. त्याच्या मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत दोन बोटं हलकेच फिरवायची, एवढंच काम. बोटांखाली एकामागून एक बारीक उंचवटे लागतात आणि ते शेपटीतही जातात, हे कळल्यावर मुलांचे डोळे बदलले. लगेच आपल्याला शेपटी का नाही, यावर चर्चा झाली. माकडहाड कुठे असतं ते सगळ्यांनी शोधलं. ते नाव ऐकून हसण्यात बराच वेळ गेला, आणि तो मी जाऊ दिला.

मग एका मुलाच्या आजोबांच्या कमरेचा एक्स-रे आला. खिडकीच्या गजांना टेकवून धरला. आजोबांच्या आत विटांसारखे चौकोनी तुकडे एकावर एक रचलेले आहेत, हे मुलांनी स्वतः बघितलं. पाठीवर हात फिरवताना एक लांब काठी असल्यासारखं वाटत होतं, ती काठी नाही, तुकडे आहेत. “म्हणून वाकता!” असं त्या सापवाल्या मुलीने म्हटलं तेव्हा मला हायसं वाटलं. जन्मलेल्या बाळाच्या कण्यात ३३ मणके असतात, पुढे खालचे काही जुळतात आणि मोठ्या माणसात हाडं मोजली तर २६ भरतात. हा आकडा मी मुलांना सांगितला नाही, त्यांच्या पालकांना सांगितला. मुलांना एकच आकडा दिला: मानेत सात. तुझ्या सात, बोक्याच्या सात, जिराफाच्याही सातच. जिराफाच्या सातवर कुणाचाच विश्वास बसला नाही, आणि मला ते आवडलं.

मणका या शब्दात मणी आहे, हे दाखवायला मी घरून ओवळांचा सुकलेला वळेसर, म्हणजे गजरा, नेला. बकुळीचं फूल आमच्याकडे ओवळ म्हणून ओळखतात. त्याच्या मधोमध नैसर्गिक भोक असतं, त्यातून दोरा जातो. वळेसर सुकला तरी वास तसाच राहतो, त्यामुळे तो फिरवताना प्रत्येकाने आधी नाकाला लावला. फुलं म्हणजे मणके, आणि भोकातून जाणारा दोरा म्हणजे डोक्यातून निघून पाठीत उतरणारी मऊ दोरी, जिच्यामुळे पायाला मुंगी चावली तर डोक्याला कळतं. मोठ्यांच्या पुस्तकात ती मज्जारज्जू. दोरा जपायचा म्हणून त्याच्याभोवती हाडाचे मणी, हे मुलांना फार पटलं. पाठीत गुद्दा का मारायचा नाही, याचं कारणही त्यांना आपोआप मिळालं.

मासा उकडला

गणपतीनंतर बाजारात बांगडा भरपूर होता. मी घरी तीन बांगडे उकडले, मांस हलक्या हाताने सोडवलं, काटे साबणाच्या पाण्यात धुतले आणि चार दिवस उन्हात वाळवले. मुंग्यांपासून जपायला परातीत पाणी घालून मध्ये वाटी ठेवावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी नुसतं भुसकट उरतं. बांगड्याच्या कण्यात ३१ मणके असतात. मुलांनी मोजले, कुणाचे २८ भरले, कुणाचे ३४. मोजणीतल्या चुकीकडे मी त्या दिवशी लक्ष दिलं नाही.

पण सगळ्यात मोठं काम सुरमईच्या एका मणक्याने केलं. बांगड्याचा मणका तांदळाएवढा, तो नजरेत भरत नाही. मोठ्या सुरमईचा मणका अंगठ्याच्या पेराएवढा असतो. तो चिमटीत धरला तर दोन्ही बाजूंना खोलगट वाट्या लागतात, मधे बारीक, जणू डमरू. त्याच्या वरच्या अंगाला हाडाची एक छोटी कमान, सुईचं नेढं असावं तशी. मी त्या कमानीतून लाल दोरा ओवला. एका मुलीने तो मणका डोळ्यासमोर धरून कमानीतून खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, “ओवळासारखोच आसा.” त्या क्षणी काटा, हाड, मणका आणि कणा हे चारही शब्द तिच्यापुरते एका ठिकाणी आले. मी काहीही समजावलं नव्हतं.

शाळेत माशाचे काटे आणले म्हणून एका घरून हरकत आली. ते लोक मासे खात नाहीत. त्या मुलाच्या आजीला मी भेटले. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटलं. मुलाला नको ते हातात घ्यायला लावणार नाही, असा शब्द दिला. तो मुलगा बैलाच्या पाठीचा जाणकार निघाला. जू कुठे बसतं आणि वशिंडामागे कणा कुठून हाताला लागतो, हे त्याने सगळ्यांना सांगितलं. हा पाठ मासे न खाणाऱ्या गावातही होऊ शकतो, एवढं मला त्याच्यामुळे कळलं.

पुन्हा कुर्ली

आता पागवाल्याच्या मुलाचं देणं फेडायचं होतं. मी घरचा अभ्यास दिला: ज्यांच्या घरी कुर्ल्या होतील त्यांनी खाताना आत माळ सापडते का बघायचं. ‘नाही’ हे उत्तर मी आधी सांगितलं नाही. तीन दिवसांनी तो मुलगा कुर्लीचं कवच धुऊन घेऊन आला. “भितूर कायच नाय. नुसता मास.” मग त्यानेच पुढचं सांगितलं: कधीकधी वडिलांना मऊ कुर्ली मिळते, तिचं कवच तिने टाकून दिलेलं असतं. बाहेरचं कवच टाकून देता येतं, कण्याचं तसं होत नाही, तो आपल्याबरोबर वाढतो. कुर्ली मात्र वाढायची असेल तर घर बदलते. पुस्तकात बाह्यकंकाल नावाने जे शिकवतात, ते या मुलाला तिसरीच्या आधीच आलं होतं, वडिलांच्या पागामुळे.

आकाशकंदील करायच्या दिवसांत फरक आणखी ठसला. कंदिलाच्या काड्या आत, कागद बाहेर. डब्याचा पत्रा मात्र बाहेरच सगळा. मुलं प्राण्यांना ‘काडीवाले’ आणि ‘डबेवाले’ म्हणू लागली. गांडूळ आणि जेलीफिश यांचं काय, असं विचारल्यावर ‘नुसता कागद’ हा तिसरा गट त्यांनीच काढला. शास्त्रात तो गट नाही. मी खोडला नाही.

कोळंबीची चर्चा चालू असताना एकाने वेगळीच खूण सुचवली: “कोळंबीक रगत नाय.” लाल रक्त असलेले आणि नसलेले, अशी वाटणी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने केली होती आणि तिची रेघ कण्याच्या रेघेच्या अगदी जवळून जाते. कण्यावरून वाटणी पक्की केली ती फ्रान्सच्या लामार्कने, १८००च्या सुमारास. अर्थात रक्ताची खूण फसते. गांडुळाचं रक्त लाल असतं. पण एवढ्याशा पोराने कोळंबी सोलताना ही रेघ पाहिली, याचं मला आजही कौतुक आहे.

अवघड पाहुणे

आमच्या वर्गात खरं शिकणं झालं ते अशा प्राण्यांवर, जे रोवळीत सहज बसत नाहीत.

पहिली मोरी, म्हणजे शार्क मासा. कोळ्यांच्या घरातली मुलं म्हणाली, मोरीला काटाच नसतो, म्हणून लहान पोरांना तीच देतात. खरंच, शार्कच्या अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कुर्चेचा. पण मोठ्या मोरीच्या कालवणात गोल चकत्या येतात, त्या तिचे मणके. कुर्चा म्हणजे काय, तर स्वतःच्या कानाची पाळी सोडून वरचा भाग वाकवून बघा. सगळा वर्ग कान धरून बसला. त्यामुळे ‘कणा हाडाचाच’ हाही नियम गेला. ‘आत मण्यांची माळ’ एवढाच टिकला.

दुसरा समुद्रफेस. किनाऱ्यावर सापडतो तो पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तुकडा एकाने आणला, माशाचा कणा म्हणून. तो माकुलाच्या (स्क्विडच्या) जातकुळीतल्या एका प्राण्याच्या अंगातला असतो, म्हणजे आतलाच. कडक आणि आत, तरी कणा नाही! नखाने खरवडला तर भुकटी निघते, थर दिसतात; मणी नाहीत, दोऱ्याला वाट नाही. मुलांनी तो खूप वेळ उलटापालटा करून बघितला आणि शेवटी खोक्याच्या एका कोपऱ्यात वेगळा ठेवला.

तिसरं प्रकरण गांडुळाचं. परतीच्या पावसात शाळेच्या मागे पाचोळ्याखाली गांडुळासारखं काहीतरी वळवळताना सापडलं. आमच्याकडे अशी तीन मंडळी आहेत. गांडूळ, त्याच्या अंगावर एक फिकट पट्टा असतो आणि तोंड-डोळे काही दिसत नाहीत. वाळा; काळपट, चकचकीत, बारीक खवल्यांचा, निरुपद्रवी साप. आणि देवगांडूळ, अंगावर वळी असतात, पण तोंड उघडतं, जबडा असतो, नातं बेडकाशी. गांडुळाला कणा नाही, उरलेल्या दोघांना आहे. आमचं निघालं देवगांडूळ. आम्ही त्याला लांबूनच बघितलं आणि पाचोळा परत पांघरला. नुसत्या बघण्याने कणा कळत नाही, हे मी मुलांना स्पष्ट सांगितलं; मोबाईलवर सांगाड्यांची चित्रं दाखवली.

इथे एक गोष्ट निक्षून सांगते. आमच्या भागात फुरसं आहे, घोणस आहे. दगड उचलायचा नाही, पाचोळ्यात हात घालायचा नाही, वाळा वाटला तरी धरायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. कासव, घोरपड, नाग यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते वर्गात आणून ठेवायचे नाहीत. आणि कोंबडीच्या पिल्लाला जरी हात लावला तरी साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

बेडूक फक्त बघितला. बसलेल्या बेडकाच्या पाठीवर मागच्या बाजूला एक उंचवटा दिसतो, तिथे कमरेचं हाड कण्याला जुळतं. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते, पण नव्या शेपटीत मणके नसतात, कुर्चेची सलग दांडी असते. ही गोष्ट मुलांपेक्षा मलाच जास्त आवडली असावी, कारण मी ती तीनदा सांगितली.

१९९० साली जपानच्या कायोको इनागाकी यांनी घरी गोल्डफिश सांभाळणाऱ्या बालवाडीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कधी न पाळलेल्या बेडकाबद्दल विचारलं, तर ती मुलं गोल्डफिशवरून अंदाज बांधत होती. आमच्या मुलांचा गोल्डफिश म्हणजे बांगडा. नवा प्राणी समोर आला की ‘बांगड्यासारखी माळ असेल का?’ असा प्रश्न येऊ लागला. डिसेंबरात पुन्हा चित्रं वाटली तेव्हा दोन-तीन मुलं गोगलगायीवर अडखळली, बाकी सगळ्यांनी बरोबर ठेवली. त्याहून महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच: एका मुलीने घोरपडीचं चित्र दोन्ही रोवळ्यांच्या मधे जमिनीवर ठेवलं आणि म्हणाली, “माका म्हायत नाय. भितूर बघूक व्हया.” माझ्या तोंडाकडे तिने बघितलं नाही.

कासव

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्री कासवांची घरटी जपायला सुरुवात केली, आणि आता आमच्या जिल्ह्यातही गावोगावी ती जपली जातात. ऑलिव्ह रिडले एका घरट्यात शंभरेक अंडी घालते, साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. फेब्रुवारीत एका सकाळी मुलांनी ती पाण्याकडे जाताना बघितली. परतताना वाटेतच पागवाल्याचा मुलगा माझ्या बाजूला आला.

“बाई, कासवाची पाठ कुर्लेसारखी घट. मगे तो डबेवालो?”

मी वर्गात येईपर्यंत उत्तर राखून ठेवलं. कासवाच्या पाठीचं आतल्या बाजूने काढलेलं छायाचित्र दाखवलं: मधोमध मणक्यांची ओळ आणि तिच्यापासून दोन्हीकडे निघालेल्या बरगड्या, सगळं वरच्या ढालीला चिकटून एकजीव झालेलं. कुणाला नीट उमगेना. तेव्हा मी सगळ्यांना जमिनीवर उताणं झोपायला सांगितलं. आमच्या वर्गाला कौलारू छप्पर आहे. मधोमध आढं, आढ्यापासून दोन्हीकडे उतरणारे वासे, वर कौलं. आपण आता कासवाच्या आत आहोत, मी म्हटलं, वर बघा.

बराच वेळ कुणी बोललं नाही. कोपऱ्यात पाकोळी येऊन गेली. मग त्या मुलाने बोट वर करून आढ्यावरून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सावकाश नेलं, बोक्याच्या पाठीवरून नेतात तसं.

“मगे शाळेक पण कणो आसा,” तो म्हणाला, आणि वासे मोजायला लागला.